नानांचं नाक आणि माझा कागद

माझ्या संशोधनाबद्दल नातेवाइकांना सांगायचं मी केव्हाच सोडून दिलंय. सावद्याच्या एका लग्नात मामींनी विचारलं, "तू नेमकं करते काय धुळ्याले?" मी भाबडेपणाने सांगून बसले, की दारूची वाफ लागली की रंग बदलणारा कागद बनवते. पंगत उठेपर्यंत दोघी-तिघी बायका मला कोपऱ्यात घेऊन गेल्या. "एक कागद मलेबी देजो माय, यायच्या उशीखाली ठेवते." यायच्या म्हणजे नवऱ्याच्या. त्या दिवसापासून कुणी विचारलं की मी नुसतं "केमिस्ट्री" म्हणते. समोरचा माणूस आपोआप गप्प होतो.

कागद म्हणजे साधा गाळणकागद. तांब्याचं एक कॉम्प्लेक्स, म्हणजे एक संयुग, आम्ही प्रयोगशाळेत बनवतो, त्याच्या द्रावणात तो बुडवायचा आणि वाळवायचा. दिवसाउजेडी बघाल तर मळकट पांढरा, कुणीही झाडून टाकेल असा. अंधारात त्याच्यावर जांभळ्या उजेडाची टॉर्च मारली, बाजारात नोटा तपासायला ठेवतात ती, की तो हिरवागार उजळतो. अल्कोहोलची वाफ लागली की त्याच टॉर्चखाली आधी पिवळा दिसतो, मग नारंगी. तांब्याभोवतीचे रेणू स्फटिकात बसताना थोड्या मोकळ्या जागा सोडतात. अल्कोहोलचा रेणू त्या जागेत शिरला की सगळ्यांना सरकून बसावं लागतं, एसटीत तिघांच्या बाकावर चौथा येऊन टेकतो तसं. या सरकण्याने उजेडाचा रंग बदलतो. मोकळ्या हवेत ठेवलं की चौथा उठून जातो आणि कागद पुन्हा हिरवा होतो. बस, एवढंच. एवढ्याशा गोष्टीत माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, आणि याबद्दल कुणी सहानुभूती दाखवली की मला राग येतो.

बाटलीतलं अल्कोहोल ओळखून दाखवणं सोपं होतं. आमचे सर म्हणाले, "बाटली सगळेच ओळखतात. बाहेरच्या जगात चालवून दाखव, नाहीतर प्रबंध देऊ नकोस." बाहेरचं जग म्हटल्यावर मला एकच जागा आठवली. नशिराबादजवळ हायवेला लागून असलेली माझ्या वडिलांची, नानांची, केळ्यांची वखार.

हिरवी केळी चेंबरमध्ये बंद करतात, पिकवायचा गॅस सोडतात, थंड ठेवतात, आणि मग माल केव्हा बाहेर काढायचा ते कुणीतरी ठरवायचं असतं. मोठ्या चेंबरवाल्यांकडे यासाठी मीटर आलेत. आमच्या वखारीत मीटर म्हणजे नाना. सकाळी ते चेंबरचं दार हातभर उघडत, उंबऱ्यावर उभे राहत आणि डोळे मिटून एक श्वास घेत. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. विडी नाही, उदबत्ती नाही. वासाचं तेल लावून आलेल्या हमालाला ते आधी डोकं धुऊन यायला लावत. मग डोळे उघडून म्हणत, "काढा," नाहीतर म्हणत, "राहू द्या." त्यावर चर्चा नसे. सावद्याचे व्यापारी आपल्या वखारीत काही बिनसलं की गाडी पाठवून त्यांना बोलावत, नुसतं दारात उभं करायला. मी लहान असताना मला वाटायचं सगळ्यांचेच वडील असं काहीतरी करतात.

पिवळंधमक दिसणारं केळं आतून दमायला लागलं की त्याच्या गोड वासामागे एक आंबूस कड येते. नानांना ती सगळ्यांच्या आधी कळायची. ती कड म्हणजे अल्कोहोल, फळ आतून आंबायला लागलं की तयार होणारं. पुस्तकात हे वाचलं त्या दिवशी मी अक्षरशः हरखून गेले. आयुष्यभर बाप ज्या रेणूच्या मागे, लेक पण त्याच रेणूच्या मागे, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. मी ठरवलं, माझा कागद नानांच्या नाकावर तपासायचा. सरांना पटवताना मी नानांसाठी "अनुभवी निरीक्षक" असा शब्द वापरला, तेव्हा कुठे ते हो म्हणाले.

हिशेब साधा होता. कागद नानांशी जुळला, तर माझा प्रबंध पुरा. नाही जुळला, तर कागद खोटा आणि मी घरी. याहून वेगळं काही होऊ शकतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

हिवाळा सरत आला होता. नाना नुकतेच मोठ्या तापसर्दीतून उठले होते, थोडे वाळले होते, पण वखारीत जायला लागले होते. पहिल्या सकाळी त्यांनी दार उघडलं, श्वास घेतला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "राहू द्या." म्हणजे माल अजून एक दिवस आत. मी कागद आत धरला, डोक्यावरून काळं फडकं घेतलं आणि टॉर्च लावली. कागद नारंगी. फिकट वगैरे नाही, चांगला झेंडूसारखा.

मी फडक्याखालीच बसून राहिले. नाना बाहेरून म्हणाले, "काय म्हन्ते बाई तुझा कागद?" मी म्हणाले, "काही नाही, नाना. कागद बिघडलाय."

धुळ्याला परत येताना पारोळ्यापर्यंत मी स्वतःला शिव्या घातल्या आणि पारोळ्यानंतर कागदाला. चूक कुठे झाली ते कळेना. सर म्हणाले, चेंबरमध्ये दमटपणा असतो, पाण्याच्या वाफेनेच रंग बदलला असणार. पटलं. मी बरणीत ओला कापूस ठेवून त्यावर कागद टांगला. हिरवाच राहिला. मग पिकवायच्या गॅसवर संशय घेतला, नानांकडूनच तो भरून आणला, कागदाला दिला. हिरवा. मग माझ्या लक्षात आलं की मी चेंबरमध्ये शिरण्याआधी हाताला सॅनिटायझर लावते. झालं! मला इतका आनंद झाला की मी प्रयोगशाळेत सगळ्यांना चहा पाजला. पुढच्या खेपेला साध्या पाण्याने हात धुतले, कोरडे केले, कागद चिमट्यात धरला. नाना म्हणाले, "अजून कच्ची वाटते, राहू द्या." कागद नारंगी.

माझ्या शेजारच्या टेबलावर पिंपळनेरकडची एक मैत्रीण काम करते. माझं रडगाणं तिने पुष्कळ दिवस ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "तुना कागदच पेयेल शे, बाई." म्हणजे तुझा कागदच पिऊन आलाय. मी हसले, पण खोलीवर जाऊन विचार करत बसले, की खरंच कागद बनवतानाच त्यात अल्कोहोल राहून जातंय का? पुन्हा बनवला. पुन्हा वाळवला. कॉम्प्लेक्स बदललं, जरा घट्ट बसणारं घेतलं. प्रयोगशाळेत सगळे कागद शहाण्या मुलांसारखे वागत. नशिराबादला नेले की वेडे होत.

बरं, दर वेळी उलटंच होई असंही नव्हतं. नुसताच चुकीचा असता तर मी त्याला कचऱ्यात टाकून मोकळी झाले असते. पण तो कधी हिरवा राही आणि नाना म्हणत "काढा", कधी नारंगी होई आणि नाना म्हणत "राहू द्या", आणि कधी दोघांचं चक्क जुळे. जुळलं की मला दोन दिवस झोप लागे. मग पुन्हा सगळं विस्कटे. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

याच काळात नानांना एक नवीच सवय लागली. दार उघडायच्या आधीच म्हणायचे, "तू आधी कागद घाल आत. काय म्हन्ते पाहू." मी ठाम नाही म्हणायचे. प्रयोगाचा नियम असतो, ज्याच्यावर तपासायचं त्याला उत्तर आधी कळता कामा नये. मी कागद पाठीमागे धरायचे आणि म्हणायचे, "आधी तुम्ही सांगा, नाना. नाहीतर सगळं वाया जातं." ते माझ्या पाठीमागे डोकवायचे. मला हसू यायचं. एवढा मोठा माणूस परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर बघायला जातो की काय, असं मी त्यांना चिडवलंही. ते हसले. मग अंगठ्याने फळ दाबून बघायला लागले. आधी कधी दाबत नसत. मी विचारलं तर म्हणाले, "वय झालं, दोन्हीकडून पाहिलेलं बरं."

आणि दर वेळी ते बोलून झाले, की मी कागद त्यांच्यासमोर धरून म्हणायचे, "हे बघा, पुन्हा नारंगी. लक्ष देऊ नका, कागद खोटा आहे. तुम्ही म्हणता तेच खरं." मला वाटायचं मी त्यांचा मान राखतेय.

उन्हाळ्याच्या तोंडाला नाशिककडे गेलेली एक गाडी परत आली. केळी वरून पिवळी आणि आतून पाणी. नाना म्हणाले, लाईट गेली होती, चेंबर तापलं. लाईट गेली होती हे खरं होतं. मग जळगावच्या हातगाडीवाल्यांनी एकदा फण्या परत आणून दिल्या. नाना म्हणाले, ऊन किती आहे ते पाहा. ऊन होतं हेही खरं होतं. हमाल एकमेकांकडे बघत, पण नानांच्या आधी कुणी बोलायचं नाही हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की नानांच्या नंतरही कुणी बोललं नाही.

तुम्ही म्हणाल, तुझं स्वतःचं नाक कुठे होतं? खरं सांगते, मी ते कधी वापरलंच नाही. प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात की कशालाही नाक लावून हुंगायचं नाही, आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. शिवाय केळ्याचा वास हा माझ्यासाठी वास नव्हताच, घर होतं. घराला कोण हुंगतं? मी फडक्याखाली डोळे फाडून रंग बघत होते आणि नाकाचं काम नानांचं आहे असं धरून चालले होते.

एका रविवारी मी आई-नानांकडे घरी होते, तेव्हा स्वयंपाकघरात दूध करपलं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तिथपर्यंत जळका वास आला. धावत खाली आले तर पातेलं काळं पडलेलं, धूर भरलेला, आणि ओट्याला टेकून नाना पेपर वाचताहेत. "काय झालं?" असं त्यांनी मला विचारलं. मी गॅस बंद केला. आई बाहेरून आली आणि त्यांना खूप बोलली. पेपरात तोंड घातलं की यांना जग बुडालं तरी कळत नाही, असं म्हणाली. मला तिचं पटलं. खरंच पटलं. आज मी हे लिहिते आहे तर वाटतं, इतकं शिकून माणूस इतका आंधळा कसा असू शकतो. पण त्या दिवशी मला वाटलं, पेपरात काहीतरी महत्त्वाचं आलं असेल.

शेवटी सरच वैतागले. म्हणाले, "तुझ्या अनुभवी निरीक्षकांना नमस्कार सांग आणि चेंबरमधली हवा भरून आण. पुण्याला यंत्रावर तपासून घेऊ." कागद नारंगी झाला आणि नाना "राहू द्या" म्हणाले, अशा एका सकाळची हवा मी काचेच्या नळीत भरून घेतली. ती पुण्याला गेली. मी मनाची तयारी केली होती. हवेत काही निघणार नाही, कागद खोटा ठरेल, आणि मी कुठेतरी शाळेत शिकवायला लागेन. शिक्षकांच्या जागांच्या जाहिरातीही मी बघून ठेवल्या होत्या.

उत्तर आलं तेव्हा सर स्वतः माझ्या टेबलापाशी आले. एवढा हसलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. हवेत अल्कोहोल होतं. भरपूर होतं. "तुझा कागद पहिल्या दिवसापासून बरोबर होता! अगं, उगाच सहा महिने रडत बसलीस!" त्यांनी शिपायाला पेढे आणायला पाठवलं. पिंपळनेरच्या मैत्रिणीने मला मिठी मारली. "बठ्ठं बराबर शे ना आते? मंग रडस कसाले?"

म्हणजे, सगळं बरोबर आहे ना आता, मग रडतेस कशाला? पेढा माझ्या हातात तसाच होता. कागद बरोबर होता तर नाक... मी तिथेच थांबत होते, पुढे जातच नव्हते. पुन्हा सुरुवातीपासून मोजायचे. कागद बरोबर. हवेत अल्कोहोल. नाना उंबऱ्यावर, डोळे मिटलेले, श्वास घेतलेला. "राहू द्या." मला खरंच वाटत होतं, यंत्र चुकलं असेल. पुण्याचं यंत्र! ज्या उत्तरासाठी मी देव पाण्यात ठेवले होते, ते आल्यावर मी त्याच्यात चूक शोधत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा प्रयोग फसायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून मी वखारीत गेले. दार उघडायची वेळ झाली होती. हमाल क्रेट घेऊन उभे. मी त्यांना म्हणाले, आधी चहा पिऊन या. ते नानांकडे बघायला लागले. नानांनी मान हलवली, तसे गेले.

"नाना, पुण्याहून आलंय," मी म्हणाले. "कागद बरोबर होता. पहिल्यापासून."

नाना दाराच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं चिडतील. मग अगदी हळू म्हणाले, "मले वाटतच व्हतं."

"काय वाटत होतं?"

"तापानंतर मले कसलाच वास येत नाही, बाई. केळीचा नाही, डिझेलचा नाही. तुझ्या आईच्या फोडनीचा नाही. आज येईन, उद्या येईन म्हनून वाट पाहे."

"मग मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला. मला राग आला होता, आणि तो कुणाचा आला होता ते मला आजही सांगता येणार नाही.

"सांगून काय करे? वखारीत माह्या नाकाशिवाय हाये काय?" ते म्हणाले. "मंग तू कागद घेऊन आली. म्या म्हटलं, चला, देवाने पाठवला. आता याच्यावर चालंन. कुनाले कळनार नाही. पन तू तं तो पाठीमागे धरे."

माझा हात पर्सवर गेला.

"आन मंग मले दाखवून म्हने, कागद खोटा, नाना म्हनता ते खरं. दर वेळी म्हने." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात तक्रार नव्हती, खरंच विचारत होते. "मी तं अंदाजाने बोले. पन इतकी शिकेल पोरगी म्हनून राह्यली, तं मले वाटे, नाक आलं आसंन परत. मलेच समजत नसंन."

मला रडू फुटलं. त्यांना ते आवडलं नाही. हायवेच्या बाजूने हमाल परत येताना दिसत होते, एकाच्या हातात नानांसाठी चहाचा ग्लास होता. नानांनी घाईघाईने दार हातभर उघडलं, मला दंडाला धरून उंबऱ्यावर ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "लवकर सांग. काय येते?"

कागद पर्समध्ये होता, तो काढायला वेळ नव्हता. मी डोळे मिटून श्वास घेतला. थंड हवा आली, गोड वास आला, आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी बारीक, एक आंबूस कड.

"काढा," मी त्यांच्या कानाशी म्हणाले.

हमाल दारापाशी येऊन गप्प उभे राहिले. नानांनी डोळे मिटले, नेहमीसारखा लांब श्वास घेतला, आणि मोठ्याने म्हणाले, "काढा."